पांढरीचा न्याय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात पेशवाई बुडण्यापूर्वीच्या मराठी मुलखातील गावकारभारावर लेख आला होता. (पांढरी म्हणजे गावची वस्ती.) त्या काळी गावातले बहुतेक वाद सरकारी कचेरीत न जाता गोतसभेपुढे मिटत, असे त्यात म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गावात पोलीस नाहीत, तुरुंग नाही, वकील नाहीत. मग पाटीलकीचा किंवा जमिनीचा वाद नेमका कसकसा पुढे जायचा? आणि हरलेला माणूस निकाल मानायचा तरी का? (बार्शी)

आधी फिर्याद. साधा वाद असेल तर ती पाटलाकडे जाई. वाद पाटीलकीचाच असेल तर परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांकडे, नाहीतर जवळच्या ठाण्यातल्या किंवा किल्ल्यावरच्या सरकारी अंमलदाराकडे. पाटलाचे पहिले काम समजूत घालण्याचे. बांधाच्या, वाटणीच्या, पाटाच्या पाण्याच्या कितीतरी भांडणांचा कागदच झाला नाही, कारण ती चावडीवरच मिटली. समजूत पटली नाही तर गोत बसे.

गोत म्हणजे वतनदारांची (वंशपरंपरेचे काम आणि त्याचे हक्क असणाऱ्यांची) आणि मिरासदारांची (जमिनीवर पिढीजात हक्क असणाऱ्यांची) बैठक. पाटील, कुलकर्णी, चौगुला, कसबा असेल तर शेटे आणि महाजन, पिढीजात मिरासदार कुणबी आणि बलुतेदार. वाद मोठा असेल तर आजूबाजूच्या गावांचे पाटीलही बोलावत. सरकारी अंमलदार हजर असले की ते ‘दिवाण’, गावचे ते ‘गोत’, आणि दोघांची मिळून मजलस. अंमलदार आज आहे, उद्या बदलून जाईल. शेत कोणाचा बाप नांगरत होता, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ती माहिती गोताकडे होती. अंमलदाराकडे होता तो हुकूम बजावण्याचा जोर.

कामकाज सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा झाला आहे. तेव्हा त्याचा अर्थ ‘गोत जो निवाडा करील त्यास आम्ही राजी आहोत’ असा होता. पाठोपाठ दोघांनी जामीन द्यायचा. जामीन म्हणजे रक्कम नव्हे, माणूस. पक्षकार फिरला तर जाब त्या माणसाला द्यावा लागे, म्हणून जामीन राहणारा आपल्या माणसाला ताब्यात ठेवी. आमच्या मते या साऱ्या पद्धतीचा कणा हाच होता. ज्याला चार माणसे जामीन राहत नाहीत, त्याचा दावा उभा राहायलाच अडचण.

मग तकरिरी, म्हणजे दोन्ही पक्षांची निवेदने. आधी बोलणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघेही आपापल्या घराण्याची हकीकत मुळापासून सांगत: वतन कोणी मिळवले, कोणाकडून कोणाकडे आले, मध्ये कोण परागंदा झाले, कोण परत आले. त्यानंतर पुरावा. पहिली किंमत लेखी कागदाला, मग भोगवट्याला, म्हणजे प्रत्यक्ष वतन कोण खात आले याला, आणि साक्षीला. साक्ष देवळात शपथेवर घेत. शिवेचा वाद असेल तर शेजारच्या दोन्ही गावांचे म्हातारे पाटील आणि महार यांची साक्ष महत्त्वाची, कारण शिवेचे दगड राखणे हे महाराचे वतनी काम होते.

निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहीत आणि हजर असलेल्यांच्या सह्या-निशाण्या घेत. हरलेल्याने जिंकलेल्याला येजितखत लिहून द्यायचे, म्हणजे ‘माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी किंवा माझा वंश कथळा (तंटा) करणार नाही’ असा कागद. जिंकलेल्याकडून सरकार हरकी किंवा शेरणी घेई, हरलेल्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. म्हणजे पैसे दोघांनाही पडत. किरकोळ कुरबुरीसाठी कोणी मजलस बसवत नसे, त्याचे हेही एक कारण.

हरलेला मानायचा का? बहुधा मानायचा, आणि ते भलेपणामुळे नव्हे. त्याने आधीच राजीनामा दिलेला असे. जामीन मानगुटीवर बसलेला असे. शिवाय त्याचे स्वतःचे वतन, घर, लग्नातला मान, सारे याच गोताच्या साक्षीवर टिकून होते. आज ज्यांचा निवाडा झुगारायचा, उद्या त्यांच्याकडेच आपल्या मुलाच्या वारसाची साक्ष मागायला जायचे. गावाबाहेर त्या वतनाला काडीची किंमत नव्हती.

पण ही पद्धत जिथे फसायची तेही सांगितले पाहिजे. गोतातलेच लोक नात्याने किंवा दावेदारीने एका बाजूला झुकलेले असत. त्यावर उपाय होता तो थळ, म्हणजे न्यायाची जागा, बदलून मागण्याचा: ‘इथे आमचा न्याय होणार नाही, दुसऱ्या ठिकाणी पाठवा’ असे पक्षकार म्हणू शकत होता, आणि मग दुसऱ्या गावाचे किंवा परगण्याचे गोत बसे. धर्माचा, प्रायश्चित्ताचा प्रश्न असेल तर पैठणसारख्या क्षेत्रीच्या ब्रह्मसभेकडे जात. दुसरे दुखणे राज्य बदलण्याचे. आदिलशाहीत हरलेला मोगली अंमल आला की पुन्हा उभा राही, मोगलाईत हरलेला मराठ्यांच्या वेळी. त्यात धामधुमीत घरे जळत, कागद जात. म्हणून एकेका पाटीलकीचा वाद दोन-दोन, तीन-तीन पिढ्या चाललेला दिसतो. येजितखत लिहून दिले तरी भूक मरत नसे.

प्रश्न : कर्ज बुडवणारा गोतापुढे यायलाच तयार नसेल तर? (लातूर)

मग तकाजा. सावकार स्वतः किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात जाऊन बसे. सुरुवातीला नुसते मागणे, मग उठू न देणे, बाहेर जाऊ न देणे. १८१८ नंतर दख्खनचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात याचे तपशील दिले आहेत: ऋणकोला उन्हात उभे करणे, डोक्यावर दगड देणे, इथपर्यंत मजल जाई. धरणे धरणारा उपाशी बसला तर घरधन्यानेही जेवायचे नाही, हा रिवाज. दोघांपैकी आधी ज्याचा धीर सुटेल त्याने पंचायत मान्य करायची किंवा दावा सोडायचा.

हे सरकारच्या नजरेआड चालत नव्हते. रूढीने मान्य होते. उद्देश बहुतेक वेळा वसुलीपेक्षा समोरच्याला पंचांपुढे आणणे हाच असे, कारण पंचायतीला कोणाला ओढून आणण्याचा स्वतःचा अधिकार नव्हता. तिची मोठी उणीव हीच. निवाडा करता येतो, बजावता येत नाही. बजावणीसाठी पाटलाचा किंवा अंमलदाराचा हात लागे, आणि तो हात कोणाच्या बाजूचा आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असे. बलदंड देशमुखाकडून येणे वसूल करणाऱ्या गरिबाला तकाजाचा उपयोग नव्हता.

प्रश्न : उकळत्या तेलात हात घालून खरे-खोटे ठरवणे ही निव्वळ अंधश्रद्धा नव्हे काय? तुम्ही त्याला न्यायपद्धती कसे म्हणता? (नाशिक)

उकळत्या तेलाला सत्य कळत नाही. त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण दिव्य, म्हणजे अशी कसोटी, कधी आणि कसे होई, ते पाहिले तर ते न्यायाच्या कामात कुठे बसत होते हे समजते.

कागद, भोगवटा आणि साक्ष यांनी उलगडा झाला तर दिव्याची गरजच नसे. दोन्हीकडचे कागद संशयाचे, साक्षी परस्परविरोधी आणि गोत दुभंगलेले, अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून दिव्य. त्यातही पक्षकाराने ते पत्करावे लागे.

रवादिव्याची रीत अशी. नेमलेल्या दिवशी देवळापुढे गोत आणि अंमलदार जमत. दिव्य करणाऱ्याचे हात धुऊन नखे काढत. हातावर आधीपासून जे वण, फोड, खुणा असतील त्या पाहून लिहून ठेवत, म्हणजे नंतर तक्रार नको. दावा लिहिलेला कागद कपाळी बांधत, तो भाळपत्र. भांड्यात तेल आणि तूप उकळत असे. त्यात टाकलेला धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढून दाखवायचा. लगेच हातावर पिशवी चढवून तिच्यावर मोहर करत आणि माणसाला पहाऱ्यात ठेवत. दोन-तीन दिवसांनी मजलशीत मोहर तपासून पिशवी उघडत. नवा फोड, नवी जखम दिसली तर दावा खोटा.

वण आधी नोंदवणे, मोहर करणे, पहारा ठेवणे, सर्वांसमोर उघडणे: ही काळजी कशासाठी? गैरप्रकार होतात हे त्या लोकांना चांगले ठाऊक होते म्हणून. देवावर हवाला ठेवणारे लोक माणसावर ठेवत नव्हते.

दुसरा प्रकार आम्हाला जास्त बोलका वाटतो. दोन्ही पक्ष नदीत, बहुधा संगमावर, पाण्यात उभे राहत. गोताने नेमलेला एक माहीतगार माणूस शपथ घेऊन पाण्यात उतरे आणि ज्याचा दावा खरा त्याला हात धरून बाहेर काढी. इथे चमत्काराचा संबंधच नाही. ज्याला सत्य माहीत आहे पण भिडेपोटी बोलत नाही, अशा माणसाला सगळ्यांसमोर, पवित्र पाण्यात उभे करून बोलते केले जात होते. साक्षच ती, फक्त टाळता न येणारी. बेल-भंडार उचलून किंवा तुळस हाती घेऊन केलेल्या शपथेतही हेच.

दिव्याचा खरा परिणाम तेलाच्या भांड्यापर्यंत पोचण्याआधी होई. दिवस ठरला की खोटा माणूस बऱ्याचदा तडजोडीला येई. पण खरा असूनही हात भाजलेल्या माणसाचे वतन गेले असेल, हेही तितकेच खरे, आणि त्याला मग कुठे दाद नव्हती.

प्रश्न : चोरी झाली तर भरपाई गावाने द्यायची, असे ऐकले. हे कसे शक्य होते? (सासवड)

गावाच्या राखणीसाठी रामोशी असे; काही भागात भिल्ल, कोळी किंवा मांग हे काम करीत, खानदेशात त्याला जागल्या म्हणत. रात्री फिरणे, परका माणूस गावात आला तर त्यावर नजर ठेवणे, गावात कोण कसा आहे याची खबर ठेवणे ही त्याची कामे. मोबदल्यात पिकातला हक्क मिळे, काही ठिकाणी जमीनही.

चोरी झाली की रामोश्याने माल शोधून द्यायचा, नाहीतर चोराचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावाच्या राखणदाराला बोलावून तो माग दाखवायचा. त्याची खात्री पटली की जबाबदारी त्याच्या गावावर, आणि मग त्याने पुढे न्यायचा. असे करत करत माग ज्या गावाच्या हद्दीत संपतो, त्या गावाने चोर द्यावा किंवा माल भरून द्यावा. रामोश्याची ऐपत नसली तर बोजा गावावर पडे. म्हणून गावात संशयित माणसाला आसरा देणे शेजाऱ्यालाच परवडत नसे.

अडचणी उघड आहेत. पाऊस पडला, माग खडकावर गेला, गुरांचा कळप त्यावरून गेला, रहदारीच्या रस्त्यात मिसळला, की शिवेवर वाद सुरू. ‘तुमचा माग आमच्या हद्दीत आलाच नाही.’ शिवाय राखणदार स्वतःच दरोडेखोरांना सामील असण्याचे प्रकार होते. ज्याला चोरवाटा ठाऊक त्यालाच राखणीवर ठेवायचे, तर हा धोका आलाच. इंग्रजी अंमलात ही जबाबदारी सरकारी पोलिसांकडे सरकली, किल्ल्यांची राखण आणि हक्क गेले, आणि पुरंदरच्या परिसरातील रामोश्यांनी उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली बंड केले. त्या बंडामागे हक्क गेल्याचे दुःख होते, हे विसरून नुसते ‘दरोडेखोर’ म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : महजरावर महाराची निशाणी असते म्हणून तेव्हाचा गाव समतेचा होता, असे भाषणात ऐकले. हे खरे आहे का? (औरंगाबादहून आलेले पत्र)

नाही. निशाणी खरी, निष्कर्ष चुकीचा.

बलुतेदारांच्या तीन ओळी मानत. पहिल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. दुसरीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. तिसरीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगावी यात फरक होता, पण साधारण रचना ही. बलुत्याचा वाटा या ओळीप्रमाणे कमी-जास्त मिळे. शेतीला ज्याची गरज अधिक त्याचा वाटा मोठा, म्हणून महार पहिल्या ओळीत. शिवेच्या वादात त्याच्या शब्दाला वजन होते, तेही गरजेपोटी.

पण तोच महार वेशीबाहेर राहत होता, सार्वजनिक पाणवठ्याला शिवू शकत नव्हता, आणि वतनाच्या नावाखाली गावाची, पाटलाची, सरकारची कोणतीही कामे रात्री-अपरात्री करायला बांधलेला होता. वतन सोडून जाण्याची सोय नव्हती. इंग्रजी अंमलात १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी आणखी पक्की केली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी: तुटपुंज्या मोबदल्यावर अख्खे घराणे चोवीस तास राबवले जात होते. कनिष्ठ गाववतने शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

ज्या बंधनामुळे पाटील गोताचा निवाडा मानत होता, त्याच बंधनाने महाराला जखडले होते. ही दोन्ही वाक्ये एकाच पद्धतीबद्दल आहेत. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही. उपऱ्याचेही तेच. दुसऱ्या गावाहून येऊन खंडाने जमीन कसणाऱ्या उपरी कुळाला गोतात बसण्याचा हक्क नव्हता.

स्त्रियांबद्दलही दोघा वाचकांनी विचारले आहे. मुलगा अज्ञान असताना पाटीलकी चालवणाऱ्या, वतनासाठी भांडणाऱ्या विधवा कागदांत भेटतात, आणि त्यांच्या नावापुढे निशाणी म्हणून बांगडी काढलेली असे. पक्षकार म्हणून त्या येत. निवाडा करणाऱ्यांत नसत.

प्रश्न : माझे आजोळ गोव्यात तिसवाडीत आहे. तिथली गांवकारी म्हणजे गोतसभाच का? (ठाणे)

नात्यातली, पण वेगळी. देशावरच्या गोतसभेचा भर न्यायावर. गांवकारी ही आधी जमिनीची सामायिक मालक, मग बाकी सारे. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे पुरुष वंशज ते गांवकार. भातशेते ठरावीक मुदतीने पावणी (लिलाव) करून कसायला देत. आलेल्या उत्पन्नातून सरकारी धारा, देवळाचा खर्च, गावच्या सेवकांचा वाटा आणि बांधांची दुरुस्ती भागवून जे उरे ते गांवकारांत ‘जण’ म्हणून वाटत. तूट आली तर तीही वाटून घ्यायची. ठरावाला सर्वांची संमती लागे. एका गांवकाराने ‘नाका’ म्हटले तरी ठराव अडे. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर त्यांचा खजिन्याचा अधिकारी अफोंसो मेशिया याने १५२६ साली या रूढी लिहवून घेतल्या आणि चालू ठेवल्या, कारण धारा गोळा करायला त्यांना ही व्यवस्था सोयीची होती. पुढे तिचे नाव कोमुनिदाद झाले.

एवढी एकी कशासाठी लागत होती, हे खाजनात उतरल्याशिवाय कळत नाही. खाजन म्हणजे खाडीचे पाणी बांधाने अडवून काढलेली सखल शेते. बांध चिखलाचा, पाण्याच्या बाजूने दगडांनी बांधलेला. त्यात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते, भरतीला खाडीच्या दाबाने दार आपोआप मिटते. दार कुजले किंवा खेकड्यांनी बांध पोखरला आणि वेळीच बुजवला नाही, तर एका भरतीत खारे पाणी आत शिरते. मग एका शेतकऱ्याचे नव्हे, सगळ्या खाजनाचे भात जाते, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत पुढचे हंगामही वाया जातात. अशा ठिकाणी ‘माझ्या शेतापुरता बांध मी पाहीन’ हे चालतच नाही. खर्चही सामायिक, कामही सामायिक, देखरेखही सामायिक.

कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. कुळांवरचा जुना अन्याय दूर होण्यासाठी ते आवश्यक होते. पण बांध सांभाळायची जबाबदारी कोमुनिदादीकडून सुटली आणि तिच्या जागी आलेल्या कूळसंघांनी ती सगळीकडे पेलली नाही. बांध फुटून खारफुटी माजलेली, मासळीसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतलेली खाजने आज दिसतात, त्याची सुरुवात तिथे आहे. मेशियाच्या वेळेपासून चालत आलेला दुसरा दोषही सांगून टाकतो: जण फक्त पुरुष गांवकाराला. शेतात राबणाऱ्या कुळाला आणि मुलीला त्यात वाटा नव्हता.

प्रश्न : आमच्या समाजाची जातपंचायत दंड करते, वाळीत टाकते आणि ‘ही आपली जुनी परंपरा आहे’ म्हणते. तिला काही आधार आहे का? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

कायद्याचा अजिबात नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणे, लग्न-मयतीला जाण्यास मनाई करणे, देवळात किंवा समाजाच्या हॉलमध्ये येऊ न देणे, बोलचाल तोडायला लावणे, असे ठरवण्यासाठी बैठक घेणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. बैठकीची तारीख, जागा, हजर असलेल्यांची नावे लगेच लिहून ठेवा. दंडाची पावती, व्हॉट्सॲपवरचा निरोप, लग्नाचे आमंत्रण रद्द झाल्याचा संदेश, जे असेल ते जपा. बहिष्कार तोंडी असतो, म्हणून पुरावा कमी पडणे हीच अशा प्रकरणांतली नेहमीची अडचण.

परंपरेचा आधार म्हणाल, तर तोही त्यांना वाटतो तेवढा नाही. जुन्या काळी वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त आणि जेवण घेऊन परत घेण्याची रीत होती. त्याला गोतपत म्हणत, आणि परत घेतल्याचे पत्रही मिळे. अन्याय झाला असे वाटले तर त्याला अंमलदाराकडे, थेट छत्रपती-पेशव्यांपर्यंत दाद मागता येई, आणि सरकारने पंक्तीला घेण्याचे हुकूम दिल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे तेव्हाही जातीचा शब्द शेवटचा नव्हता. आपण घाबरू नका. एकटे जाऊ नका, विश्वासातले कोणी सोबत घेऊन तक्रार द्या.

प्रश्न : घरात मोडी लिपीतला लांबलचक कागद निघाला. तळाशी नांगर, तराजू अशी चित्रे आहेत. हा महजर असेल का? तो केव्हाचा हे कसे ओळखावे? (भोर)

महजर असण्याची शक्यता चांगली आहे. नांगर ही पाटील-कुणब्याची निशाणी, तराजू शेट्याची. आणखी खाली आरसा दिसला तर न्हावी, सांडस दिसली तर लोहार, मोगरी दिसली तर परीट. लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याचे हत्यार काढून सही करायची, ही रीत होती.

सुरुवातीच्या भागात ‘हाजिर मजालसी’ असे शब्द आणि त्याखाली नावांची रांग आहे का पाहा. मधला मोठा भाग वादी-प्रतिवादींच्या हकिकतीचा, त्यानंतर पुरावा आणि निवाडा. कागद एकाखाली एक चिकटवून लांबवलेला असेल तर मागच्या बाजूला जोडांवर शिक्का किंवा खूण आहे का तेही पाहा. मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून ती करत. जोडावर खूण नसेल, किंवा एकाच जोडावर अर्धवट असेल, तर तेवढा भाग जाणकाराला मुद्दाम दाखवा.

कालनिर्णय बहुधा शुहूर सनावरून, म्हणजे तेव्हाच्या कागदांतल्या एका कालगणनेवरून, होतो, आणि तो अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो: आधी एकं, मग दहं, शतक, हजार. एक ते नऊ : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा ते नव्वद : अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार : ११७३. हा सन मृगाला सुरू होतो. इसवी सन काढायला तारीख मृगापासून डिसेंबरपर्यंतची असेल तर या सनात ५९९ मिळवा, जानेवारी ते मेअखेर ६००. म्हणजे हा कागद १७७२-७३ चा. फसली सन असेल तर अनुक्रमे ५९० आणि ५९१, शक असेल तर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ किंवा १६७४. महिन्याच्या आधी ‘छ’ दिसेल, ते चंद्राच्या तिथीचे चिन्ह. पुढे रज्जब, साबान, जिल्हेज असा मुसलमानी महिना येतो.

कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी तो कायमचा खराब होतो. घड्या पडल्या असतील तर जोर लावून उलगडू नका, घडीवरच तुटतो. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि फोटो घेऊन पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात जा. मूळ कागद पहिल्या भेटीत नेण्याची गरज नाही.